तुम्ही विचारलंत म्हणून: एकादशी दोन दिवस का?

कॅलेंडरवर कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते. एक स्मार्त, म्हणजे स्मृतिग्रंथांप्रमाणे चालणाऱ्यांची, दुसरी भागवत, म्हणजे वैष्णवांची. मग यातली खरी कोणती, हे पंचांग जाणणाऱ्या प्रत्येकाला विचारलं जातं. दोन्ही खऱ्या, असं सांगितलं तर समोरच्याचं समाधान होत नाही आणि ते बरोबरच आहे. कारण आकाशात एकादशी एकदाच होते. दोनदा होतो तो माणसांनी केलेला निर्णय.

चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांत उरकते, तर कधी साडेसव्वीस तासांपेक्षाही लांबते. आपला दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, चोवीस तासांचा. त्यामुळे तिथी पहाटे तीनला संपते, दुपारी दीडला संपते, कुठेही संपते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा सर्वसाधारण नियम. एखादी तिथी दोन सूर्योदय गाठते ती वृद्धी, एकही गाठत नाही तो क्षय. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण उपासाच्या दिवसावरून आहे.

चैत्रातलं उदाहरण घेऊ. मुंबईत सूर्योदय 6.20 ला आहे आणि दशमी पहाटे 5.10 ला संपते आहे. सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून स्मार्त त्याच दिवशी उपास करणार. भागवत संप्रदाय, म्हणजे आपले वारकरीही, आणखी एक अट घालतात: अरुणोदयालाही दशमी नको. अरुणोदय सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे 96 मिनिटं. 6.20 मधून ती वजा केली की 4.44 येतात. त्या वेळी दशमी चालू होती, म्हणजे एकादशीला दशमीचा वेध (स्पर्श) झाला. भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी. दशमी साडेचारला संपली असती तर मुंबईत दोन्ही एकादश्या एकाच दिवशी आल्या असत्या.

पण नागपुरात आल्या नसत्या. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंशांवर आहे, म्हणून तिथे सूर्य सुमारे 25 मिनिटं आधी उगवतो. 5.55 चा सूर्योदय धरला तर अरुणोदय 4.19 ला. साडेचारला संपणारी दशमी तिथे वेध करते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींचं तर गणितच वेगळं. आपले पहाटेचे 5.10 म्हणजे त्यांच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे 7.40. त्यांच्या सकाळी वेध नाहीच, दोन्ही एकादश्या एकत्र. पुण्यातल्या आईने फोनवर सांगितलेली तारीख तिथे लागू पडेलच असं नाही. ही गोष्ट आईला पटवणं मात्र पंचांगशास्त्राच्या कक्षेबाहेरचं आहे.

प्रत्येक व्रताची कसोटी निराळी. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी लागते, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळातली, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळेतली अमावास्या. 2024 साली काय झालं ते आठवा. अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी चारच्या आत लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. म्हणजे प्रदोष दोन्ही दिवशी सापडत होता: पहिल्या दिवशी पूर्ण, दुसऱ्या दिवशी मुंबईत जेमतेम दहा मिनिटं. महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला, काशीच्या पंडितांनी 31 ऑक्टोबर. आकडे दोघांचे जवळपास तेच होते. फरक होता तो एवढाच, की दोन्ही दिवशी प्रदोष मिळत असेल तर दुसरा दिवस घ्यावा हे वचन महाराष्ट्राने प्रमाण मानलं आणि काशीने रात्रभर टिकणाऱ्या अमावास्येला महत्त्व दिलं.

ही वचनं येतात कुठून? मुख्यतः दोन निबंधग्रंथांतून, म्हणजे धर्मशास्त्रातली वचनं एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांतून. ‘निर्णयसिंधु’ कमलाकरभट्टांनी काशीत 1612 मध्ये पूर्ण केला. हे घराणं मूळचं पैठणचं. ‘धर्मसिंधु’ पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा, अठराव्या शतकाच्या अखेरचा. धर्माने समाजाला काय दिलं म्हटलं की आपण तत्त्वज्ञानाकडे आणि संतवाङ्मयाकडे वळतो. मला हे रूक्ष ग्रंथ तितकेच महत्त्वाचे वाटतात. ‘तिथी दोन्ही दिवशी असेल तर’, ‘दोन्ही दिवशी नसेल तर’, ‘एका दिवशी थोडी आणि दुसऱ्या दिवशी जास्त असेल तर’ अशी सगळी प्रकरणं त्यांत मांडलेली आहेत. नियम, अपवाद, अपवादाचा अपवाद. कायद्याच्या पदवीशिवाय घरोघरी असा कीस काढला जातो, त्याला हे वळण कारणीभूत आहे.

दुसरा परिणाम अधिकाराचा. 1582 मध्ये पोप तेराव्या ग्रेगरींनी फर्मान काढून कॅलेंडरातले दहा दिवस गाळले आणि कॅथलिक देशांनी ते मान्य केले. आपल्याकडे असं फर्मान काढणारा कुणी नाही. अधिकार विखुरलेला होता आणि गावापुरता तो ग्रामजोशाच्या हाती होता. दिवस सांगणं हे त्याचं वतन, त्याबद्दल धान्य आणि दक्षिणा हा त्याचा हक्क. मुहूर्त ज्याच्याकडे, त्याच्यावाचून लग्न अडतं. म्हणूनच 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मणाशिवाय लग्नं लावायला सुरुवात केल्यावर जोशी कोर्टात गेले, आणि जुन्नरजवळच्या ओतूरचा वाद मुंबई हायकोर्टापर्यंत पोचला. वरवर तो दक्षिणेचा दावा होता. छापील पंचांगाने आणि 1973 पासून ‘कालनिर्णय’ने उरलेलं काम केलं. जोशीबुवांचं ज्ञान स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलं गेलं. मात्र छापलं की बहुतेक सणांना एकच तारीख द्यावी लागते. सार्वजनिक सुट्टीही राज्याला एकच द्यावी लागते. त्यामुळे घराण्यागणिक आणि गावागणिक असलेले फरक हळूहळू बुजले.

आता गणिताचं भांडण. जुन्या पंचांगांत ‘बाणवृद्धी रसक्षय’ असं सूत्र असे, म्हणजे तिथी 60 घटकांपेक्षा फार तर 5 घटकांनी वाढेल किंवा 6 घटकांनी घटेल. आकाशाचं प्रत्यक्ष निरीक्षण करून केलेल्या दृक् गणितात ती सातने वाढते आणि दहाने घटते. तिथी संपण्याच्या वेळेत यामुळे काही तासांचा फरक पडतो, आणि व्रताचा दिवस बदलायला तेवढा पुरतो. दुसरा वाद राशिचक्राच्या आरंभाचा. टिळक पंचांग रेवतीतल्या झीटा ताऱ्यापासून मोजतं, बाकीची बहुतेक पंचांगं चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून. दोहोंत सुमारे चार अंश. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते. ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, नाही तो अधिक. संक्रांत चार दिवस सरकली की एखाद्या वर्षी अधिक महिनाच बदलतो, आणि मग कोकणातल्या काही घरी गणपती महिनाभर पुढेमागे बसतो. पंचांग सुधारण्यासाठी नेमलेल्या, शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने 1955 मध्ये अहवाल दिला, 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली, ती राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात राहिली. घरातला गणपती तिला विचारून बसला नाही.

घरी पाहायचं असेल तर तीन ठिकाणी लोक चुकतात. ॲपमध्ये ठिकाण दिल्ली किंवा उज्जैन राहून गेलेलं असतं, ते आधी बदला. महिना ‘पौर्णिमान्त’ (पौर्णिमेला संपणारा) वर असेल तर ‘अमान्त’ (अमावास्येला संपणारा) करा, नाहीतर वद्य पक्षात महिन्याचं नाव एकाने पुढचं दिसेल. तिथीच्या शेवटाची वेळ 26.14 अशी छापली असेल तर ती दुसऱ्या दिवशीची पहाटेची 2.14. एवढं झाल्यावर सूर्योदयातून 96 मिनिटं वजा करा आणि दशमी कधी संपते ते पाहा. घरात माळ असेल तर भागवत एकादशी धरा, नसेल तर स्मार्त. तुळशीची माळ फक्त सुनेच्या माहेरी असेल, तर सासरची रीत चालते.