नुसती सही

जांभळी नाक्यावर मेथी निवडायला वाकले की मागून हाक येतेच, "ताई, माझं व्याज पडलं का हो?" भर बाजारात. मी जुडी उलटीपालटी करत म्हणते, "उद्या पासबुक घेऊन या ना." व्याज कधी पडलं, किती पडलं, सगळं मला तोंडपाठ असतं. पण पतसंस्थेच्या काउंटरवर बारा वर्षं बसलेल्या बाईला आकडे लक्षात ठेवण्यापेक्षा काही आठवत नसल्याचा चेहरा करणं जास्त जमावं लागतं.

मेथीवालीचंही खातं आमच्याकडेच. पिग्मीवाले काका रोज तिच्याकडून शंभर रुपये नेतात. तिची मुदत ठेव कळली तर दोन रुपयांसाठी तिच्याशी हुज्जत घालणारे गप्प होतील. मीही घालते, पण हल्ली जरा लाजून.

बँकेत माणूस ग्राहक, आमच्याकडे सभासद. शेअर पाच असोत की पाचशे, सभेत मत एकच; त्यामुळे रांगेत आवाजही सगळ्यांचा सारखाच चढतो. "मी या संस्थेचा मालक आहे!" हे वाक्य बहुतेक वेळा पासबुकाचा प्रिंटर अडकलेला असतानाच कानी पडतं. सर्वसाधारण सभा जवळ आली की मालकांना लाभांश आठवतो, आणि कायद्याने त्याला 15 टक्क्यांची मर्यादा आहे हे मी दरवर्षी नव्याने सांगते.

कुठल्या तरी बँकेवर निर्बंध आल्याची बातमी झळकली की दुसऱ्या दिवशी प्रश्न ठरलेला, "तो 5 लाखांचा विमा आपल्यालाही आहे ना?" नाही. तो बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकांच्याही, पतसंस्थांच्या नाही. हे सांगताना केबिनमधून साहेब बघत असतात. मी आवाज खाली आणत नाही.

पण सगळ्यात महाग वाक्य वेगळंच. "नुसती सही करायची ना?" जामीनदार म्हणून. मी दर वेळी सांगते, काका, कर्जदाराइतकीच जबाबदारी तुमचीही, उद्या सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली वसुलीचा दाखला निघाला तर त्यात तुमचंही नाव येईल. काका हसतात. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

परवा नौपाड्यातल्या एकाच इमारतीतले दोघं रांगेत पुढेमागे उभे होते. पुढचा मागच्याला जामीन. मागच्याचे तीन हप्ते थकलेले, दोघांच्या नावची नोटीस आदल्याच दिवशी पोस्टात पडलेली. दोघांचं रिडेव्हलपमेंटवर रंगात आलेलं बोलणं चाललं होतं. नव्या घरात बाल्कनी मिळणार की नाही, यावर. मी स्लिपवर शिक्का मारला, तो जरा जोरातच बसला.

"काय ताई, आज एवढ्या गप्प?" पुढच्याने विचारलं.

"दहाचे सुट्टे आहेत का तुमच्याकडे?" मी म्हटलं.