हाल्ब झीबन म्हणजे साडेसहा

आठवीत जाताना शाळेकडून एक फॉर्म येतो. संस्कृत, फ्रेंच, जर्मन. यांपैकी एका चौकटीत खूण करायची. पुण्यातल्या घरांत या खुणेवरून जी खलबतं होतात ती भाषेबद्दल नसतातच. संस्कृत स्कोरिंग, फ्रेंच जरा फॅशनेबल आणि जर्मनला पुढे स्कोप. स्कोपचा पुरावा म्हणून चाकणचे जर्मन कारखाने आणि म्युनिकला एमएस करणारा कुणाचा तरी भाचा पुढे केला जातो. भाचा नसलेल्या घरातली मुलं बहुधा संस्कृतकडे वळतात.

खूण जर्मनवर पडली की वही येते. वहीत तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. उच्चार देवनागरीत लिहायचा, कारण रोमनमध्ये लिहिला तर पोर तो इंग्रजीसारखाच वाचणार. अर्थ मात्र इंग्रजीत. घरी 'आई, पाणी दे गं' म्हणणारी मुलगी 'वासर'समोर 'वॉटर' लिहिते. पाण्यापुरतं यात काही बिघडत नाही. बिघडतं ते जिथे इंग्रजी एकीकडे जाते आणि मराठी नि जर्मन दोघी दुसरीकडे, तिथे. आणि अशा जागा पहिल्याच वर्षात भरपूर येतात.

घड्याळच घ्या. 'हाल्ब' म्हणजे अर्धा, 'झीबन' म्हणजे सात. 'हाफ पास्ट'ची सवय झालेलं डोकं 'हाल्ब झीबन' ऐकून साडेसात लिहून मोकळं होतं. उत्तर आहे साडेसहा. सातव्या तासातला अर्धा झाला, असा तो हिशेब. आपण 'पावणेसात' म्हणताना असंच पुढच्या तासाच्या नावाने बोलतो. जर्मनीच्या पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे तर पावणेसातला 'द्राय-फिअर्टल झीबन' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाऊण सात. पाव-पाऊण-सव्वाची सवय असलेल्याला हे समजवायला दोन मिनिटं पुरतात. इंग्रजीतून समजवायला फळ्यावर घड्याळ काढावं लागतं. ऐकण्याच्या परीक्षेत गाडी सुटण्याची वेळ विचारली की उत्तराच्या पर्यायांत साडेसात हटकून ठेवलेले असतात.

आकड्यांचंही तेच. पंचवीसला जर्मनमध्ये 'पाच-आणि-वीस' म्हणतात. इंग्रजीत मोजायला शिकलेलं मूल आधी पाच ऐकतं, पाच लिहितं, मग दोन लिहितं, आणि दूरध्वनी क्रमांकाच्या श्रुतलेखनात २५ चे ५२ होतात. यावर साधा उपाय: एकक ऐकल्याबरोबर डावीकडे एका अंकाची जागा सोडून तो लिहायचा, दशक आलं की रिकाम्या जागेत भरायचं. आठवडाभरात हाताला वळण पडतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' म्हणायची पद्धत आणली आणि त्यावरून मोठी रणधुमाळी झाली, ते अनेकांना आठवत असेल. जर्मनीतही 'वीस-एक' याच नावाची एक संस्था हाच आग्रह धरून आहे, तेव्हा या दुखण्यात आपण एकटे नाही. फक्त एक सावधगिरी हवी. आपलं एकोणतीस जर्मनमध्ये 'नऊ-आणि-वीस' असतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत मराठी कान पुढच्या दशकाकडे धावतो आणि फसतो. आपल्याकडे नऊला नऊ म्हणणारा एकटा नव्व्याण्णव.

उच्चारांत मराठी मुलांना काही गोष्टी आयत्या मिळतात आणि त्यांना ते कुणी सांगत नाही. जर्मन झेडचा उच्चार वहीत 'त्स' असा लिहिलेला असतो आणि मुलं त-स असे दोन तुकडे करत अडखळतात. तो 'चमचा'तला च आहे, 'चहा'तला नव्हे. बस. डब्ल्यूचा व आणि व्हीचा फ होतो, हे पाठच करावं लागतं. खरी अडचण डोक्यावर दोन टिंबं असलेल्या स्वरांची, कारण ते आपल्याकडे नाहीत. त्यासाठी आरसा घ्यावा. लांब 'ई' म्हणायला सुरुवात करायची, जीभ होती तिथेच ठेवायची आणि ओठ तेवढे 'ऊ'साठी करतो तसे गोल करायचे. जो आवाज येतो तो टिंबवाला यू. 'ए' म्हणता म्हणता ओठ 'ओ'सारखे केले की टिंबवाला ओ. चुकतं कुठे, तर ओठांबरोबर जीभही मागे जाते आणि नुसता ऊ किंवा ओ उरतो. मग 'सुंदर' म्हणायचं असताना 'आधीच' असा अर्थ होतो, कारण त्या दोन शब्दांत दोन टिंबांचाच फरक आहे.

मुळाक्षरांचा घोटाळा तर बघण्यासारखा असतो. ए1 या अगदी पहिल्या पातळीच्या तोंडी परीक्षेत स्वतःचं नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगावं लागतं. जाधव आडनावाच्या मुलाने म्हणायला हवं: योट, आ, डे, हा, आ, फाउ. इथे 'ए' असा आवाज आला की तो इंग्रजी ई असतो, आणि 'ई' असा आला की आय. ऐकून लिहिताना निम्मा वर्ग 'ए'ला ए लिहितो. देवनागरीतून आ-ए-ई-ओ-ऊ असे स्वर म्हणून घेतले तर जर्मन स्वरांची नावं जवळजवळ पाठच झालेली असतात. इंग्रजी एबीसीडीच्या चालीवर म्हणून घेतले की दिवाळीपर्यंत ही चूक सुटत नाही.

आता लिंग. नामाआधी येणारे 'डेर, डी, डास', म्हणजे आपले तो, ती, ते, पाहून मुलं कपाळाला हात लावतात, 'मॅम, टेबलाला कसलं जेंडर?' म्हणतात, आणि मधल्या सुट्टीत 'माझा डबा, माझी बाटली, माझं दप्तर' एका दमात बोलून जातात. टेबल ते, बस ती, मोबाईल तो, हे कुणी पाठ केलेलं नसतं. शब्द कानावर आला तो क्रियापदासकट आला: बस आली, मोबाईल हरवला. जर्मनमध्येही नाम एकटं वहीत उतरवू नये, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम हवा. डेर निळ्या, डी लाल, डास हिरव्या पेनाने; पुढे अनेकवचन; आणि त्याच ओळीत एक छोटं वाक्य. नामाचं पहिलं अक्षर मोठं. हे देवनागरीत नाही, इंग्रजीत फक्त विशेषनामापुरतं आहे, म्हणून मार्क सर्वांत जास्त इथेच जातात.

मात्र मराठीतलं लिंग जर्मनला लावायला जाऊ नये. घर, पुस्तक, मूल, पाणी हे चारही दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघतात आणि उगाच आशा वाटू लागते. मग जेवणाच्या टेबलावर येऊन बसावं: चमचा डेर, काटा डी, सुरी डास. तीन वस्तूंना तीन लिंगं, आणि आपल्याशी जुळणारा फक्त चमचा. जुळते ती पद्धत. सुंदरपणा तो, सुंदरता ती, सौंदर्य ते: अर्थ एकच, लिंग शेपटावरून ठरतं. जर्मनमध्येही 'उंग', 'हाइट', 'काइट' शेवटी असले की डी, 'शेन' असलं की डास. म्हणून 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. यावर वर्गात हमखास हशा पिकतो. 'ते पोर' म्हणणाऱ्यांनी तरी हसू नये.

विभक्तीच्या बाबतीत संस्कृतवाल्यांचं बरं असतं. २०१४ च्या अखेरीस केंद्रीय विद्यालयांत भर सत्रात जर्मनच्या जागी संस्कृत आणलं गेलं तेव्हा या दोन भाषा जणू सवती असल्यासारखी चर्चा रंगली होती. प्रत्यक्षात 'देवः देवौ देवाः' घोकलेल्या मुलाला जर्मनच्या चार विभक्ती आणि दोन वचनं म्हणजे सवलतच वाटते. मराठीचाही इथे उपयोग आहे. 'पुस्तक मला आवडतं' हे वाक्य जर्मनमध्ये जसंच्या तसं उतरतं: 'डास बूख गेफेल्ट मीर'. पुस्तक कर्ता, मला चतुर्थी. थंडीही तिकडे 'मला'च असते. इंग्रजीच्या 'आय लाइक'वरून आलेला विद्यार्थी इथे 'मी'ला कर्ता करून वाक्याचा पार विचका करतो.

पण तोच 'मला' पुढे दगा देतो. 'तो मला बघतो' आणि 'तो मला पेन देतो', दोन्हीकडे आपला 'ला' एकच. जर्मनमध्ये पहिला 'मिश', दुसरा 'मीर'. ओळखायची खूण अशी: वाक्यात दिली-सांगितली-दाखवलेली आणखी एखादी वस्तू असेल तर बहुतेक वेळा 'मीर'. त्याहून वाईट खड्डा 'शाळेत'चा. मी शाळेत आहे, मी शाळेत जाते, प्रत्यय एकच. जर्मनमध्ये असणं आणि जाणं यांना वेगळी विभक्ती: आहे तेव्हा 'इन डेर शूले', जाते तेव्हा 'इन डी शूले'. स्त्रीलिंगी शब्दापुढे 'डेर' बघून मुलांना छापण्यातली चूक वाटते. अशी नऊ शब्दयोगी अव्ययं आहेत आणि त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी तिथेच आहे की तिकडे जातोय हे विचारावंच लागतं. इथे मराठी काही मदत करत नाही, इंग्रजी थोडीफार करते.

क्रियापदाचं मात्र मराठी कानाला जमावं. 'कारण'साठी 'वाइल' आलं की त्या पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं: कारण मी पुण्यात राहते. शब्दांचा क्रमही आपलाच, तरी मुलं 'राहते'ला 'पुण्यात'च्या आधी बसवतात, कारण वाक्य मनात इंग्रजीतून तयार झालेलं असतं.

ए1च्या लेखी परीक्षेत साधारण तीस शब्दांचा निरोप किंवा पत्र असतं, तीन मुद्दे दिलेले. प्रत्येक मुद्द्यावर एकेक वाक्य तरी हवं. सुंदर लिहून एक मुद्दा विसरला तर त्याचे गुण गेले. मायन्यानंतर स्वल्पविराम, पण पुढची ओळ लहान अक्षराने सुरू. शेवटी 'फिले ग्र्यूसे', म्हणजे अनेक शुभेच्छा, आणि त्याच्यापुढे काही नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. सगळ्यात अवघड जातं ते 'डू' (तू) की 'झी' (तुम्ही) हे ठरवणं. आपली मुलं वय बघून ठरवतात, आणि आजोबांना पत्र लिहायला सांगितलं की आदराने 'झी' लिहून येतात. तिकडे घरातल्या सगळ्यांना 'डू', आजोबांनासुद्धा. आणि बेकरीत पाव देणाऱ्या विशीतल्या अनोळखी पोरीला 'झी'.