केनेडी ते हीथ्रो: 5,540 किलोमीटरला वेळ नेमका किती?

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून लंडनच्या हीथ्रो विमानतळाकडे निघालं की मी समोरच्या पडद्यावर आधी नकाशा लावतो. विमान समुद्र कापत थेट पूर्वेला जात नाही. ते ईशान्येला वळून कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाची दिशा धरतं. बघताना फेरा वाटतो, पण जवळची वाट तीच. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

अंतर स्वतः काढून बघावं. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा. मग त्यांच्या कोसाइनांचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज करून व्यस्त कोसाइन घेतला की मधला कोन मिळतो. इथे तो साधारण 49.8 अंश येतो. एका अंशाला सुमारे 111.2 किमी धरले की 5,540 किमी. उत्तर भलतंच आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे का ते आधी पाहा.

वेळेचं गणित मात्र वाऱ्याच्या हातात. साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. विमानाचा हवेतला वेग ताशी 880 किमी आणि वारा सरासरी 100 किमी धरू. लंडनकडे जाताना 5 तास 39 मिनिटं लागतात, परतताना 7 तास 6 मिनिटं. जाताना वाचलेला वेळ परतीत फिटतो असं अनेकांना वाटतं, पण तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन 12 तास 35 मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे 12 तास 45 मिनिटं लागतात. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ सापडतं. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं 747 हेच अंतर पाच तासांच्या आत कापून गेलं होतं.

यात चढण-उतरणीचा अर्धा तास मिळवा. 10,000 फुटांखाली वेग सहसा 250 नॉटपर्यंतच (ताशी सुमारे 463 किमी) ठेवतात, म्हणून तो जातो. तिकिटावरची वेळ याहूनही जास्त असते, कारण ती गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीसमोरची रांग आणि कंपनीने राखून ठेवलेली मिनिटंही तिच्यातच येतात. त्यामुळे पुढचं विमान पकडायचं असेल तर चाकं टेकल्याची वेळ धरू नका, दार उघडल्याची धरा.

तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापतात. एरवी फरक 5 तासांचा. पण अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत फरक 4 तासच राहतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतही तसंच. त्या दिवसांत 5 तास वजा करून प्रवासाचा वेळ काढला, तर उत्तर तासाभराने चुकतं.