उतरत्या भट्टीचा केक

जालन्याच्या आमच्या घरी नाताळचा केक कालवला जात असे, भाजला मात्र कधीच जात नसे. भाजण्यासाठी तो बेकरीच्या भट्टीत जाई. डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला दुपारी आई फेटलेल्या लोणी-साखरेचा स्टीलचा डबा, चाळलेल्या मैद्याची पिशवी, अंडी, भिजवलेला मेवा आणि आतून कागद लावलेले पत्र्याचे चार साचे घेऊन रिक्षात बसे आणि बेकिंग पावडरची पुडी तेवढी माझ्या हातात देई, कारण ती भट्टीसमोर उभे राहूनच मैद्यात घालायची असे. ती आधीच कालवली आणि रांगेत तासभर थांबावे लागले, तर ओलाव्याने तिच्यातला बराचसा वायू आधीच निघून जातो आणि केक विटेसारखा बसतो, हे रसायनशास्त्र मी शाळेत शिकण्यापूर्वी बेकरीच्या ओट्यावर शिकले. सगळ्या घरांचे साचे सारखेच दिसत, म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली असे. आमची खूण मध्ये एक आणि भोवती चार अशा पाच काजूंची होती. एका वर्षी दुसऱ्या कुणीतरी हीच खूण केली आणि आमच्या घरी आलेल्या एका केकमध्ये वेलदोडा निघाला. आईने तो खाल्ला, पण त्याबद्दल ती पुढे कितीतरी वर्षे बोलत राहिली.

लग्नानंतर मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आले, तरी केकचे साचे साठ किलोमीटरवरच्या जालन्यालाच जात राहिले. गेल्या वर्षी त्या बेकरीने लाकडाची जुनी भट्टी पाडून तिथे डिझेलवर चालणारा, आत ट्रे फिरणारा उभा ओव्हन बसवला आणि घरगुती साचे घेणे बंद केले. त्यांची अडचण मला समजते; त्या ओव्हनच्या मापाच्या ट्रेमध्ये आमचे वेडेवाकडे साचे बसत नाहीत आणि शंभर घरांच्या शंभर खुणा सांभाळण्याइतकी माणसेही आता त्यांच्याकडे नाहीत. पण त्यामुळे या वर्षी नोव्हेंबरपासून मी माझ्या स्वयंपाकघरातल्या तीस लिटरच्या विजेच्या ओव्हनशी झगडत आहे, आणि त्या झगड्याची ही हकीकत आहे.

त्याआधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आमच्याकडे नाताळचा खरा मान केकचा नव्हता, करंजीचा होता. जालन्यातली ख्रिस्ती वस्ती जुनी आहे; १९व्या शतकात ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, आणि त्याच जालन्यात इंग्रजी फौजेची छावणीही होती. माझा आपला तर्क असा आहे की करंजी, शंकरपाळी, चकली आणि अनारसे आमच्या माणसांबरोबर त्यांच्या खेड्यांतून आले आणि केक मात्र छावणीतल्या साहेबाच्या बंगल्यातून, तिथल्या खानसाम्याच्या हातून, हळूहळू आमच्या घरांत उतरला. त्यामुळे फराळाला आठ दिवस मिळत आणि केकला एक दुपार. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेले ताट रिकामे परत करायचे नसते म्हणून आई ते ठेवून घेई आणि २५ तारखेला उपासनेहून आल्यावर ते करंज्यांनी भरून परत पाठवी. तिच्या सारणात किसून भाजलेले सुके खोबरे, रवा, तीळ, खसखस आणि पिठीसाखर एवढेच असे. खवा घातलेली करंजी चार दिवसांत खवट होते आणि आमच्याकडे तर नव्या वर्षापर्यंत पाहुणे येत, हे त्यामागचे साधे कारण. दुपारच्या जेवणाला येसर, म्हणजे धान्ये-डाळी भाजून केलेले मसाल्याचे पीठ, लावून दाट केलेला मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. केकची पाळी संध्याकाळी चहाबरोबर येई, आणि तोही बोटभर जाडीचा काप. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, प्रत्येक घरी जाऊन ‘सलाम’ करताना तसे दहा-बारा काप पोटात जात असल्याने त्याहून जाड काप कोणी मागतही नसे.

पण त्या बोटभर कापात जे असे, ते मला अजून दुसऱ्या कुठल्या केकमध्ये सापडलेले नाही, आणि त्यातला निम्मा वाटा मोसंबीचा होता. विलायती कृतीत संत्र्याची आणि लिंबाची पाकवलेली साल लागते. ती आमच्या बाजारात मिळत नसे आणि मोसंबीला तर जालन्यात तोटा नव्हता. आंबे बहराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची, मोसंबी दिवाळीच्या मागेपुढे भरपूर येते, तेव्हाच जाड सालीची फळे निवडून ठेवावी लागतात. साल चौकोनी कापून तिच्या आतला पांढरा गर सुरीने निम्म्याहून अधिक खरवडायचा, कारण कडवटपणा मुख्यतः त्यात असतो. मग साल थंड पाण्यात घालून उकळी आणायची, पाणी ओतून द्यायचे आणि हे तीनदा करायचे. चौथ्या वेळी सालीइतकीच साखर आणि ती बुडेल एवढे पाणी घालून मंद आचेवर साल पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. इथे घाई केली तर साखर सालीत मुरत नाही, बाहेरच थिजते आणि तुकडा चामड्यासारखा चिवट होतो. साल काढून घेतल्यावर उरलेल्या पाकाला जो वास असतो, तो फेकून देणाऱ्या माणसाशी माझे फारसे जमणार नाही. आई त्यात पाणी आणि चिमूटभर सैंधव घालून आम्हाला सरबत म्हणून देई.

२०१२ साली पाऊस झाला नाही. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कितीतरी शेतकऱ्यांनी त्या तोडून टाकल्या. त्या डिसेंबरात बाजारात थोडी मोसंबी होती, पण आईने साल पाकवली नाही. टँकरच्या पाण्यावर घर चालवणाऱ्या बाईला तीन वेळा उकळलेले पाणी मोरीत ओतणे परवडणारे नव्हते. तिने दुकानातली टुटीफ्रुटी आणली. टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेली कच्ची पपई. तो केक दिसायला देखणा झाला होता आणि चवीला काहीच नव्हता. आईने कोणालाही कारण सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही, कारण त्या वर्षी प्रत्येकाच्याच घरी काही ना काही गाळलेले होते.

मेवा भिजवण्याबाबतही आमची रीत वेगळी आहे. इतर ठिकाणी तो महिना-महिना रममध्ये मुरत ठेवतात. आमच्या मंडळीत दारू वर्ज्य असल्याने प्रभुभोजनालाही द्राक्षाचा रसच वापरला जातो, तेव्हा केकमध्ये रम कुठून येणार! काळ्या मनुका, बेदाणे आणि बारीक चिरलेला खजूर आम्ही मोसंबीच्या रसात आणि कोऱ्या चहात अर्धे-अर्धे भिजवतो. रस दोन दिवसांपेक्षा अधिक बाहेर ठेवला तर आंबतो, म्हणून हे काम केकच्या आदल्या रात्रीच करावे. यात काही हरवते असे मला वाटत नाही. प्लम केकमध्ये तरी प्लम कुठे असतो? जुन्या इंग्रजीत तो शब्द मनुकांसाठीही वापरत. केरळातल्या थलश्शेरीच्या मांबल्ली बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक भाजला तेव्हा त्यांनीही विलायती ब्रँडीऐवजी जवळपास मिळणारी दारू वापरली असे सांगतात. हा केक मुळातच समोर असेल ते पोटात घेणारा आहे, त्यामुळे त्याच्या शुद्धतेविषयीचे वाद मला नेहमीच थोडे हास्यास्पद वाटतात.

केकचा दुसरा निम्मा वाटा भट्टीचा होता. ती भट्टी म्हणजे विटांची, कमानीच्या छताची, बुटक्या तोंडाची खोली. आत बाभळीची लाकडे जाळून विटा तापवायच्या, निखारे एका बाजूला ओढायचे, बांबूला बांधलेले ओले पोते तळावर फिरवून राख पुसायची आणि तोंड थोडा वेळ बंद ठेवून उष्णता सगळीकडे सारखी होऊ द्यायची. पहिल्या कडक आचेवर पाव जाई, कारण पावाला दोनशे अंशांहून अधिक उष्णता लागते. पावाच्या खेपा निघाल्या की नानखटाई, आणि भट्टी पुरती उतरली की शेवटी केक. नवी लाकडे घातली जात नसल्याने केक आत असताना उष्णता हळूहळू खाली येत राही. विटा मात्र वरून, खालून आणि चारी बाजूंनी सारखीच ऊब देत राहत. बेकरीवाले चाचा घड्याळाकडे पाहत नसत. ते उघडा हात भट्टीच्या तोंडाशी धरीत आणि मनाशी काही आकडे मोजून साचे आत सरकवीत.

विजेच्या ओव्हनमध्ये मी पहिला केक १८० अंशांवर ठेवला आणि वीस मिनिटांत तो वरून काळपट होऊन मधोमध भेगाळला. ओव्हनचा आकडा हा सरासरीचा आकडा असतो, हे मला तेव्हा उमगले. आतल्या सळया तापून लाल होतात, मग विझतात, पुन्हा लाल होतात. त्या लाल असतात तेव्हा चार बोटांवर असलेल्या केकच्या पाठीला थेट झळ बसते, वरचा थर लवकर घट्ट होतो आणि आतला फुगणारा भाग त्याला फोडून बाहेर येतो. वर आलेल्या मनुका तर कोळसाच झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी तापमान थेट १४० वर आणले, तेव्हा केक दोन तासांनीही आत ओलसर राहिला आणि मेवा सगळा तळाशी बसला, कारण पीठ वेळेत घट्ट न झाल्याने त्याला धरून ठेवायला काहीच नव्हते.

तिसऱ्या वेळी भट्टीचीच नक्कल करायची ठरवले. खालच्या जाळीवर बिडाचा जाड तवा ठेवून ओव्हन अर्धा तास १८० वर तापवला, म्हणजे विटांचे काम थोडेफार तव्याने करावे. साच्याला बाहेरून जाड कागदाच्या दोन घड्या बांधल्या आणि साचा तव्याच्या वरच्या जाळीवर ठेवताच तापमान १६५ केले. अर्ध्या तासाने १५०, आणखी पाऊण तासाने वर कागद झाकून १४०. एकूण पावणेदोन तास लागले. घेतलेले प्रमाण आठ इंची साच्याचे होते: मैदा २५० ग्रॅम, लोणी २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अंडी चार, भिजवून निथळलेला मेवा आणि साल मिळून ४०० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, शिवाय दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ यांची ताजी पूड. रंगासाठी १०० ग्रॅम साखर कढईत गडद तपकिरी होईपर्यंत जाळून, आच बंद करून, तीत अर्धी वाटी कढत पाणी लांबून ओतावे. पाणी थंड असेल तर साखर अंगावर उडते आणि तिचा चटका तेलाहून वाईट असतो. हा पाक पूर्ण गार झाल्यावरच फेटलेल्या मिश्रणात घालावा.

आणखी एक सूचना आमच्या हवेसाठी. डिसेंबरात मराठवाड्यात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास जातो आणि सकाळी लोणी दगडासारखे व अंडी बर्फासारखी असतात. अशी अंडी फेटलेल्या लोण्यात घातली की मिश्रण फाटते, नासलेल्या दुधासारखे दिसू लागते, आणि मग केक दडस होतो. अंडी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत आणि एकेक करून घालावीत. तरीही फाटलेच तर मोजलेल्या मैद्यातला चमचाभर मैदा लगेच घालावा. भाजलेला केकही इथल्या कोरड्या हवेत दोन दिवसांत भुसभुशीत होतो, म्हणून तो गार होताच कागदात गुंडाळून डब्यात बंद करावा.

तिसरा केक घेऊन मी गेल्या रविवारी जालन्याला गेले. चाचा आता बेकरीत काम करीत नाहीत, दुपारी पायरीवर ऊन खात बसतात. त्यांनी काप खाण्याआधी उलटा करून तळ पाहिला, बोटाने दाबला, मग खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिले. ‘‘बेटा, ऊपर से ठीक है,’’ ते म्हणाले, ‘‘नीचे एक पत्रा और डालो.’’ तळाचा एक सूतभर थर कडक झाला होता खरा. घरी कोणाच्याच ते लक्षात आले नव्हते. २२ तारखेच्या केकसाठी तवा आणि साचा यांच्यामध्ये ठेवायला मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घेतला आहे, आणि काजू पाच मोजून वेगळे काढले आहेत.