कंबर एका रांगेत, झोप दुसऱ्या रांगेत : सोलापूरच्या तीन फेऱ्या

गावात मला सगळे मेजर म्हणतात. लष्करातून उतरलो तेव्हा नाईक होतो, पण आपल्याकडे वर्दी घातलेला प्रत्येक जण मेजरच. कंबरेतली चकती सरकलेली आहे, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. आणि गेली चार वर्षं रात्री दोननंतर झोप नाही. पहिली गोष्ट मी कुणालाही सांगतो. दुसरी फक्त मंडळींना ठाऊक होती, कारण शेजारी झोपायचं त्यांनाच असतं.

या पावसाळ्यात अक्कलकोट तालुक्यातून सोलापूरला तीन फेऱ्या झाल्या, पुण्याला एक. मागून येणाऱ्या फौजी भावांची एखादी तरी फेरी वाचावी म्हणून लिहितोय.

निघताना सकाळची पहिली एसटी धरा. कंबरेचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका. अक्कलकोट-सोलापूर चाळीस किलोमीटर आहे, पण मागच्या चाकावर बसलात तर ते चारशे वाटतात. पिशवीत ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, जुने एमआरआय आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, तरी आपल्यातले कितीतरी जण अजून कार्ड कपाटातच ठेवतात. रीत अशी, की आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं हॉस्पिटल. इमर्जन्सी सोडून थेट हॉस्पिटलात जाऊ नका, बिल अंगावर पडतं.

मला हाडांच्या एका खासगी हॉस्पिटलात पाठवलं, नाव लिहीत नाही. तीन तास थांबल्यावर डॉक्टरांनी चार मिनिटं पाहिलं आणि ट्रामाडॉल ही दुखण्यावरची जोरदार गोळी लिहिली. झोपेचं सांगायला गेलो तर म्हणाले, "वयानुसार होतं." माझं वय ४९.

काउंटरवर ती गोळी नव्हती. बाहेरची मेडिकल पालथी घातली. चौथ्या दुकानातल्या पोराने आधी कागद पाहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. "काका, कुणासाठी पाहिजे?" म्हटलं, माझ्यासाठीच. "पोरं नशेला घेतात हो, आम्ही ठेवतच नाही." सतरा वर्षं नोकरी केली, कुठल्या चौकीवर कुणी असं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं नव्हतं. मंडळींनी दंडाला धरून बाहेर काढलं म्हणून बरं.

त्या पोराचंही सगळं चूक नव्हतं, हे नंतर कळलं. २०१४ पासून ही गोळी एच-१ यादीत आहे. विकली की रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. २०१८ मध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आली. म्हणून चिठ्ठी मूळच न्या, झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो नको. तिच्यावर तारीख, तुमचं पूर्ण नाव, किती दिवसांच्या किती गोळ्या, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे केबिनबाहेर पडण्याआधीच बघा. गंमत म्हणजे ज्या दुकानांनी ट्रामाडॉलला हात लावला नाही, त्यांतल्या एकाने डायक्लोफिनॅक या दुसऱ्या दुखण्याच्या गोळीची पट्टी न विचारता पुढे केली. ती महिनोन्महिने खाल्ली तर किडनी जाऊ शकते. आमच्या गावात तिला 'शेतातली गोळी' म्हणतात.

दुसऱ्या फेरीचं सांगण्यासारखं काही नाही. सही करणारे साहेब रजेवर होते. फोन करून निघा.

तिसऱ्या फेरीआधी एका रात्री तीन वाजता अंगणात बसून १४४१६ लावला. टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. मराठी निवडता येते. लष्करातल्या लोकांसाठी १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) तिचा वेगळा कक्षही सुरू झाला आहे. फोनवरच्या बाईंनी घाई केली नाही. त्यांनीच विचारलं, सिव्हिलला मानसोपचार ओपीडी आहे, तिथे का जात नाही? का जात नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं. चार लोक बघतील.

सिव्हिलला लवकर पोचून केसपेपर काढा. सोबत घरचं माणूस न्याच. मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, रात्री काय होतं? मी म्हणालो, विशेष नाही. तेवढ्यात मंडळींनी पिशवीतून चादर काढून टेबलावर ठेवली. आपली सोलापुरी, लाल-काळी. तिचा एका बाजूचा काठ हातभर कुरतडलेला, सुतं लोंबत होती. "उंदरानं नाही मॅडम, ह्यांनी. झोपेत दातात धरतात." मला घालून पाडून बोलायची सवय आहे त्यांना, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता.

मॅडमनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. ट्रामाडॉल, गावातल्या डॉक्टरांची झोपेची अल्प्राझोलाम, डायक्लो, प्रेशरची. ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलाम मिळून श्वास मंदावू शकतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ड्युलोक्सेटिन सुरू करायची होती; ती मनावरही चालते आणि नसेच्या कळेवरही. पण ट्रामाडॉलसोबत घेतली तर थरथर, घाम, ताप, गोंधळ होऊ शकतो. म्हणून आधीच्या दोन्ही गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. एकदम बंद करायच्या नाहीत, ते आणखी वाईट. हाडांच्या रांगेत झोपेचं कुणी विचारत नाही, तेव्हा तुम्हीच गोळ्यांची पिशवी दोन्ही टेबलांवर रिकामी करा.

कंबरेसाठी पुढे पुण्याला कमांड हॉस्पिटलचं रेफरल झालं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, चार तासांत पुणे. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांच्या नावाने ही गाडी धावते, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. गावात मात्र येरवडा म्हटलं की दुसरंच आठवतं. मानसोपचाराला पुण्याला चाललोय म्हटलं असतं तर आठवडाभर तोच विषय. शेजारच्या अण्णांना कंबर सांगितली. अर्धं खरंच होतं.

पुढची तारीख घेताना कॅलेंडर बघा. मला जानेवारीतली देत होते, मी बदलून घेतली. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रस्ते बंद, रिक्षा मिळत नाही. शिवाय होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलंय. आता त्या रात्री मी सोलापुरात मुक्काम करत नाही.