दोन आठवड्यांनी मिळालेली सुट्टी

हल्ली काय करतेस, असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या मेसेजना उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून आज एकदमच सगळ्यांना सांगते. नऊ वर्षं अकाउंट्सची नोकरी केल्यावर मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला. वयाची अट ३५ पर्यंत, मी तेव्हा ३३ ची होते. कोर्स ३ वर्षांचा, आता दुसरं वर्ष चालू आहे. वर्गातल्या मुली मला ताई म्हणतात.

आज गणवेश धुतले, गॅसचा नंबर लावला, आईशी तासभर बोलले. लेकीच्या वह्यांना कव्हरं घातली, शाळा सुरू झाल्यापासून राहिली होती. तिला वाईट वाटलं असणार, पण बोलली नाही.

मन मात्र कालच्या वॉर्डातच आहे. एका पेशंट आजींना ५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं होतं. सलाइनचा सेट १५ थेंबांचा, म्हणजे एका मिलीचे १५ थेंब पडणारा; म्हणून मिनिटाला साधारण १६ थेंब. हिशोब चटकन जमला. पण घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून थेंबांचा वेग ठरवणारा नळीवरचा रोलर किंचित किंचित फिरवताना हात थरथरत होता. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. आजी म्हणाल्या, "सावकाश कर गं बाई, घाई नाही." नंतर त्यांनी माझं मनगट धरलं. ड्यूटी संपली तरी मला ते सोडवून घेववेना.

उद्या मॉर्निंग ड्यूटी. आधी त्यांच्याच बेडपाशी जाणार आहे.