चाळिशीतला फॅमिकॉम आणि नाशिकचे मामा

जपानमध्ये बिघडलेली वस्तू बिघडलेली म्हणूनच विकायला ठेवतात आणि लोक ती हौसेने घेऊन जातात. जुन्या वस्तू विकणाऱ्या 'हार्ड ऑफ' या साखळीच्या दुकानांत निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेट मांडलेल्या असतात. त्यांत रिमोट, अ‍ॅडाप्टर, बंद पडलेले कॅमेरे, एकाच कानाने वाजणारे हेडफोन, वायरींचे गुंते. वर चिठ्ठी: 'जंक'. चालतं की नाही याची हमी नाही, आणि घेतलेला माल परत होणार नाही. आपल्याकडे जुन्या बाजारातला विक्रेता "एकदम चालू कंडिशन, ताई" असं छातीठोकपणे सांगतो आणि घरी आल्यावर कळतं. इथे दुकानदार आधीच हात वर करतो. मला हा प्रकार फारच प्रामाणिक वाटतो, आणि थोडासा व्यसन लावणाराही.

तर अशाच एका क्रेटमधून दीड हजार येनला मी एक फॅमिकॉम उचलला. पिवळट पडलेला, एका बाजूला कुणीतरी लहानपणी चिकटवलेल्या स्टिकरचा डाग, अ‍ॅडाप्टर गायब. नवऱ्याने टोकियोत निशी-कासाईच्या आमच्या फ्लॅटमधल्या कपाटाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही बोलला नाही.

फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोचं ते मूळ यंत्र, ज्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्या घराघरात 'टीव्ही गेम' म्हणून शिरल्या. नाशिकला आमच्या कॉलनीत मे महिन्यात एक दुकानदार तो दिवसाच्या भाड्याने द्यायचा. सोबतच्या कॅसेटवर '९९९ गेम' असं छापलेलं असायचं आणि आत तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून यायचे. मारिओ पडला की खेळणारा बदलायचा, हा कायदा. मूळ यंत्र मात्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला १४,८०० येनला आलं आणि एकट्या जपानमध्ये १ कोटी ९३ लाखांवर विकलं गेलं. म्हणूनच ते अजून माळ्यांवरून खाली येतंय आणि निळ्या क्रेटमध्ये पडतंय.

दुरुस्त करून कोण देणार? कंपनीने उत्पादन २००३ च्या सप्टेंबरमध्ये थांबवलं आणि सुटे भाग संपत आल्यामुळे ३१ ऑक्टोबर २००७ ला दुरुस्तीही बंद केली. फोनची काच बदलून देणारी दुकानं स्टेशनसमोर आहेत, पण गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर बसून "ठेवून जा, संध्याकाळी बघतो" म्हणणारा माणूस इथे मला अजून भेटलेला नाही. नाशिकला हे यंत्र उघडायला दहा जण पुढे येतील, पण मूळ सुटे भाग एकाकडेही नसतील. इथे भाग आहेत, हत्यारं आहेत, आणि हात आपलेच वापरायचे आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे वॉर्ड ऑफिसमधली छोट्या विजेच्या वस्तूंची पेटी. २०१३ च्या एप्रिलपासून त्यासाठी वेगळा कायदाच आहे. टोकियो २०२० च्या ऑलिंपिक-पॅरालिंपिकची सुमारे पाच हजार पदकं अशाच गोळा केलेल्या जुन्या फोन आणि उपकरणांतल्या धातूंपासून बनवली होती. म्हणजे माझा फॅमिकॉम कुणाच्या गळ्यातही गेला असता. पण मला खेळायचं होतं.

उलटा करून बघितला तर खाली साधे चार-खाचांचे स्क्रू. याचं मोल कळायला पुढची पिढी बघावी लागते: १९९० च्या सुपर फॅमिकॉमला निन्टेन्डोने अशा डोक्याचे स्क्रू लावले की त्यासाठी खास बिट लागतं. फॅमिकॉम मात्र स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधल्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो. आत दोन पाट्या, म्हणजे सर्किट बोर्ड. मोठीवर रिकोह कंपनीच्या दोन चिप, एक गणित करणारी आणि एक चित्र काढणारी. लहान पाटीवर पॉवर आणि टीव्हीला जाणारा सिग्नल. कंट्रोलरच्या वायरी बाहेरून बघताना कायमच्या जोडल्यासारख्या वाटतात, पण आत त्या साध्या प्लगने बसवलेल्या आहेत. ओढली की निघते. ज्यांच्या विभागाने हे यंत्र घडवलं ते मासायुकी उएमुरा पुढे क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवायचे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. पोरं हे यंत्र आपटणार, ओढणार, हे त्यांच्या मंडळींनी गृहीत धरलं होतं, असं आतली मांडणी बघून वाटतं.

आता पहिला प्रश्न अ‍ॅडाप्टरचा. मूळ अ‍ॅडाप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा, आणि पिनमध्ये आत मायनस, बाहेर प्लस. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडाप्टरमध्ये नेमकं उलट असतं. पिन बसते म्हणून कुठलाही खुपसू नका, एवढं लक्षात ठेवा. मला मूळचा जोडीदार दुसऱ्या क्रेटमध्ये सापडला. शे-सव्वाशे काळ्या ठोकळ्यांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत उकिडवं बसण्यात एक वेगळीच मजा आहे, शेजारी दोन जपानी आजोबा तेच करत असतील तर जास्तच.

लावला. बटण सरकवलं. काहीच नाही. म्हणजे काहीच नाही हेही कळायला मार्ग नाही, कारण फॅमिकॉमला पॉवरचा दिवाच नाही! चालू आहे की बंद, ते फक्त टीव्हीने सांगायचं.

इथे मामांना व्हिडिओ कॉल लावला. माझ्या मामांचं नाशिकला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एखादा पार्ट नडला की सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून आणायचे आणि रात्री परत. दुकान आता भाच्याच्या मोबाइल-कव्हरांनी भरलंय, पण मामांचा डोळा तोच.

"जरा जवळ धर. हं. त्या पत्र्याला स्क्रूने लावलेलं तीन पायांचं काय आहे, नंबर वाच."

"७८०५."

"अरे वा! म्हणजे आपलंच की. पाच व्होल्टचा रेग्युलेटर. किती बसवले असतील मी. मीटर आहे ना? काळी वायर मधल्या पायाला, लाल डावीकडच्या पायाला. तिथे येतंय का सांग."

शून्य.

"आता तीच लाल अ‍ॅडाप्टरच्या पिनेला, बाहेरून."

चौदा. मी दचकले, कारण ठोकळ्यावर तर १० लिहिलंय.

"घाबरू नकोस, जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडाप्टर आहे. लोड नसला की चढंच दाखवणार. चौदा दारापर्यंत येतायत आणि आत शून्य, मग अडलंय कुठं? दारातच. जॅक जिथं पाटीला बसलाय ती खालची बाजू दाखव. ड्राय सोल्डर असणार."

पाटी उलटी केली, फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेला आणि टूथपिकने जॅकची पिन हलवली. पिनेभोवतीच्या रांग्यात, म्हणजे सोल्डरमध्ये, केसासारखी बारीक गोल भेग होती, आणि पिन त्या गोलात दातासारखी हलत होती. चाळीस वर्षांत कुठल्याशा मुलाने वायरीसकट किती वेळा ओढला असेल, त्याचा हिशेब त्या भेगेत होता. बाकी पाटी ठणठणीत.

सोल्डरिंगची जागा मात्र विचार करून निवडावी लागली. भाड्याच्या घरात एका खोलीत तातामी आहे, म्हणजे गवती चटईची जमीन, आणि तिच्यावर गरम टोक पडलं तर घर सोडताना डिपॉझिटमधून किती कापतील ते सांगता येत नाही. शिवाय छताला धुराचा अलार्म. म्हणून गॅसच्या ओट्यावर, एक्झॉस्ट पंखा फुल ठेवून, भाकरीच्या जागी सर्किट बोर्ड. जुना रांगा शिशाचा आहे. त्यावर हल्लीचा बिनशिशाचा चढवायचा तर २१७ अंशांच्या पुढे तापवावं लागतं, शिशाचा १८३ लाच ढिला होतो. पाटी जुनी, तांब्याचे पट्टे नाजूक, त्यामुळे मी शिशाचाच घेतला आणि नंतर हात घासून धुतले. थोडी पेस्ट, जुना रांगा तांब्याच्या जाळीने शोषून घेतला, नवीन भरला. टोक टेकवलं की आधी काही होत नाही, मग एका क्षणी रांगा अचानक पाण्यासारखा चमकतो आणि पिनेभोवती गोल धावतो. तिथेच हात उचलायचा. थंड झाल्यावर त्याचा आकार पिनेच्या कडेने निमुळता उतरलेला आणि चकचकीत दिसला पाहिजे. गोळा बसला असेल तर परत.

"आता उजवा पाय," मामा म्हणाले. मीटरवर ४.९८. "झालं! आता चित्र आलं नाही तर मला विचारू नकोस, ते टीव्हीचं खातं." आणि त्यांनी मामींना चहा टाकायला सांगितलं, कॉल चालू ठेवूनच.

टीव्हीचं खातं खरोखरच वेगळं निघालं. फॅमिकॉम आपलं चित्र टीव्हीच्या १ किंवा २ नंबरच्या चॅनेलवर पाठवतो, अँटेनाच्या वायरीतून. आणि जपानने अ‍ॅनालॉग प्रसारण २४ जुलै २०११ ला बंद केलं (भूकंपाने पोळलेल्या इवाते, मियागी, फुकुशिमा या तीन प्रांतांना तेवढी २०१२ च्या मार्चअखेरपर्यंत मुदत होती). आमच्या टीव्हीला ते चॅनेल माहीतच नाही. जुना डबा टीव्ही आणावा तर तो नंतर टाकून देताना कायद्याप्रमाणे पैसे भरावे लागतात. म्हणजे घ्यायला फुकट, टाकायला महाग.

उपाय आतच होता. चित्राच्या चिपच्या २१ नंबरच्या पायावर चित्र तयारच असतं, पुढची डबी त्याला फक्त चॅनेलवर चढवते. ते तिथूनच उचलायचं, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-चार रेझिस्टर-कपॅसिटरमधून काढून पिवळ्या जॅकला द्यायचं. हे सामान आणायला इलेक्ट्रॉनिक सामानाच्या जुन्या बाजारात, अकिहाबाराला गेले. आता तिथे मुख्य रस्त्यावर कार्टूनच्या बाहुल्या आणि कॅफेचीच गर्दी, पण सोबू लाइनच्या पुलाखाली 'रेडिओ सेंटर' अजून आहे. एका माणसाला आडवं चालावं लागेल असे बोळ, टीचभर गाळे, प्रत्येकात शेकडो खण आणि त्यांच्या मागे एक वयस्कर दुकानदार. एकजण फक्त स्विच विकतो, एकजण फक्त वायरी. मामांना तिथून फोटो पाठवले तर त्यांचं उत्तर आलं: "दोन तासांत निघणार नाहीस तू."

चित्र आलं. रंग जरा फिके, आणि निळ्या आकाशावर अंधुक उभ्या रेघा. हे काम केलेल्या बहुतेक फॅमिकॉममध्ये त्या दिसतात. चिपचा तो पाय पाटीपासून उचलून वेगळा केला तर कमी होतात म्हणे. मी उचलला नाही. चाळीस वर्षांच्या चिपचा पाय वाकवण्याइतका आत्मविश्वास माझ्यात नाही, आणि रेघांनी मारिओचं काही अडत नाही.

कॅसेटचं सांगायला हवं. आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारलेली आहे आणि ती लागू पडते अशी आपली श्रद्धा आहे. लागू पडत होतं ते कॅसेट काढून पुन्हा घालणं, कारण त्यात टोकं नव्याने घासली जातात. फुंकरीने उलट आत ओल शिरते आणि टोकांना गंज चढतो. इथे औषधाच्या दुकानात पाणीविरहित इथेनॉल सहज मिळतं. कानाच्या काडीवर घेऊन कॅसेटच्या सोनेरी टोकांवरून फिरवलं की काडी काजळासारखी काळी निघते. दुसरी काडी करडी. तिसरी जवळपास पांढरी. मग घाला.

पिवळेपणा काढायला इथले शौकीन कपड्यांचं ऑक्सिजन ब्लीच लावून प्लॅस्टिक उन्हात ठेवतात. मी ठेवलं नाही. स्टिकरचा डागही तसाच आहे.

चिरंजीवांना, वय वर्षे नऊ, या सगळ्यात मारिओपेक्षा दुसऱ्या कंट्रोलरचं आकर्षण. त्यावर स्टार्टचं बटण नाही, पण एक छोटा माइक आहे. त्यात बोललं की आवाज टीव्हीतून येतो. आपल्याकडच्या ज्या नकला मी पाहिल्या त्यांत हे कधी नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्याने पूर्ण ताकदीने "गणपती बाप्पा" म्हटलं आणि आम्ही दोघं "हळू!" म्हणून धावलो, कारण इथल्या भिंती पातळ आणि खालच्या मजल्यावरच्या आजी साडेआठला झोपतात. दुसऱ्या दिवशी मोदक घेऊन खाली गेले. त्यांना यंत्राचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, त्यांच्या मुलाकडे होता, परीक्षेच्या काळात त्या अ‍ॅडाप्टर लपवून ठेवायच्या. निळ्या क्रेटमध्ये बिन-अ‍ॅडाप्टरचे इतके फॅमिकॉम का असतात, याबद्दल माझा तेव्हापासून एक अंदाज आहे.

दिवाळीला मंडळी जमली तेव्हा मुलं पाच मिनिटांत आपापल्या फोनकडे वळली आणि चाळिशीतले बाप रांग लावून बसले. "पडलास! दे आता." कायदा अजून तोच.

त्याचा परिणाम म्हणजे माझ्या ओट्यावर आता इतरांची यंत्रं येऊ लागलीत. सध्या एका मैत्रिणीचा हल्लीच्या कन्सोलचा कंट्रोलर आहे, ज्याची काडी (स्टिक) आपोआप डावीकडे सरकते. त्याचे स्क्रू तीन-पाकळ्यांचे, आतली पट्टी कागदाइतकी पातळ आणि तिला धरणारी क्लिप नखाने अलगद उचलावी लागते. आत लिथियम बॅटरी चिकटवलेली आहे. ती स्टीलच्या पट्टीने उचकटायची नाही, प्लॅस्टिकचीच वापरायची. यात ७८०५ नाही, त्यामुळे मामांना रस नाही. ते विचारत होते की निळ्या क्रेटमध्ये एखादा ट्रान्झिस्टर रेडिओ दिसतो का, बंद असला तरी चालेल. फक्त अ‍ॅडाप्टर पाठवू नकोस म्हणाले, तुमच्याकडे १०० व्होल्ट, इथे २३०, दिवाळीआधीच फटाके होतील.